परदेशात जन्मलेलं मूल आणि सोबत नसलेला बाप : नागरिकत्वाचे कागद कसे उभे करायचे

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमच्याकडे दाखल्यांची गर्दी होते. एका वर्षी चौथीच्या दाखल्यासाठी एक अम्मी मुलीला घेऊन आल्या. फॉर्ममध्ये जन्मस्थळाचा रकाना आला तसा त्यांचा आवाज खाली गेला. "टीचर, तिथं भिवंडीच लिहून टाका ना." मुलगी जन्मली होती सौदीतल्या दम्मामला. बाप तिथंच राहिला, आधी पैसे बंद झाले, मग फोन बंद झाला. हातात अरबी भाषेतला एक दाखला, बस. कुणा एजंटने सांगितलं होतं की पाच हजारांत भिवंडीचा जन्मदाखला निघतो, फक्त शाळेच्या रजिस्टरला भिवंडी लागलं पाहिजे.

आम्ही पेन खाली ठेवला आणि त्यांना बसायला सांगितलं. त्या दिवशी जे बोलणं झालं, आणि नंतर वकील मंडळींकडून, कायद्याच्या पुस्तकांतून जे समजून घेतलं, ते इथे एकत्र मांडत आहोत. भिवंडी आणि आसपासच्या गावांतल्या कोकणी मुसलमान कुटुंबांचं कुवेत, सौदी, दुबई, ओमानशी दोन-तीन पिढ्यांचं नातं आहे. त्यामुळे हा प्रश्न एका घराचा नाही.

कायदा जन्मतारीख आधी विचारतो

परदेशात जन्मलेल्या मुलाचं भारतीय नागरिकत्व नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ खाली ठरतं. त्याला वंशाने मिळणारं नागरिकत्व म्हणतात. मूल कधी जन्मलं त्यावर नियम बदलतो :

१) २६ जानेवारी १९५० ते ९ डिसेंबर १९९२ : जन्माच्या वेळी वडील भारतीय नागरिक असले पाहिजेत. आईचं नागरिकत्व या काळात मोजलं जात नव्हतं.

२) १० डिसेंबर १९९२ ते २ डिसेंबर २००४ : आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय नागरिक असला तरी पुरे.

३) ३ डिसेंबर २००४ पासून पुढे : दोघांपैकी एक भारतीय असणं पुरेसं आहेच, पण त्याशिवाय जन्माची नोंद भारतीय वकिलातीत (आपण एम्बसी किंवा कॉन्सुलेट म्हणतो ती) एक वर्षाच्या आत झाली पाहिजे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारच्या परवानगीनेच नोंद होते. नोंद करताना मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लेखी द्यावं लागतं.

आई किंवा बाप स्वतःच परदेशात जन्मून वंशाने नागरिक झालेला असेल, तर पहिल्या दोन काळांतही वकिलातीतली नोंद पाहिली जाते. म्हणून ज्या घरात दोन पिढ्या गल्फमध्ये जन्मल्या, त्यांनी आई-बापाचे कागदही तपासावेत.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावी. १९९२ नंतर जन्मलेल्या मुलासाठी आईचं भारतीय नागरिकत्व पुरेसं आहे. बाप निघून गेला, त्याने पासपोर्टची झेरॉक्स दिली नाही, तो कोणत्या देशाचा हेही नक्की नाही, तरी मुलाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. फक्त मुलाच्या जन्मतारखेला आई भारतीय होती हे दाखवता आलं पाहिजे, म्हणजे त्या तारखेला चालू असलेला तिचा पासपोर्ट. तो संपला असेल तरी जपून ठेवा. रद्द झालेला पासपोर्टही त्या काळाचा पुरावा असतो.

१९९२ च्या आधी जन्मलेल्यांचं दुखणं वेगळं आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीय तिथून परतले. घाईत कागद मागे राहिले. त्या काळात कुवेतमध्ये जन्मलेली मुलं आज चाळिशीजवळ आली आहेत, आणि त्यांना वडिलांचं नागरिकत्व दाखवावं लागतं. वडील हयात नसतील तर त्यांचा जुना पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंद, जुनी मतदार यादी, जे मिळेल ते आत्ताच शोधून ठेवा.

आखाती देशात जन्मून तिथलं नागरिकत्व मिळत नाही

काही जण म्हणतात, "सौदीत जन्मला म्हणजे सौदीचा झाला." असं होत नाही. आखाती देशांत जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही, ते मुख्यतः तिथल्या नागरिक बापाकडून येतं. भारतीय वकिलातीत नोंद झाली नाही आणि बापाच्या देशानेही कागद दिला नाही, तर मूल कुठल्याच देशाचं नाही अशा अवस्थेत अडकतं. इकामा किंवा रेसिडेन्सी ही राहण्याची परवानगी असते. तिचा आणि नागरिकत्वाचा संबंध नाही.

दोन नोंदी, दोन कायदे : गल्लत करू नका

ही गल्लत आम्ही सर्वांत जास्त पाहिली.

पहिली नोंद वकिलातीतली, नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ खालची. मूल भारतीय आहे हे तिथे ठरतं.

दुसरी नोंद आपल्या शहरातली. जन्म व मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम २० मध्ये अशी सोय आहे की परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद तिकडे झाली नसेल आणि आई-वडील भारतात स्थायिक होण्यासाठी परतले असतील, तर मूल भारतात पोहोचल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे नोंद करता येते. आपल्याकडे तो विभाग भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेत आहे, गावांसाठी ग्रामपंचायतीत. ६० दिवस उलटले तर उशिराच्या नोंदीचा रस्ता धरावा लागतो. एक वर्षाहून जास्त उशीर असेल तर जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२५ पासून महाराष्ट्रात अशा उशिराच्या दाखल्यांची छाननी बरीच कडक झाली आहे.

या दुसऱ्या नोंदीने जन्माची तारीख आणि जागा सिद्ध होते. पहिल्या नोंदीची जागा ती घेत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाकडे महापालिकेचा दाखला आहे पण वकिलातीची नोंद नाही, तर काम अर्धंच झालं आहे.

बाप सोबत नसेल तर पासपोर्ट कसा निघेल?

पासपोर्ट खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे केले. तेव्हापासून अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. जोडपत्रं साध्या कागदावर स्वतःच्या सहीने द्यायची असतात, नोटरीची गरज नसते.

लहान मुलाच्या अर्जासोबत दोनपैकी एक जोडपत्र लागतं. दोघांची संमती असेल तर ॲनेक्शर डी. एकाची संमती मिळत नसेल तर ॲनेक्शर सी. त्यात दुसऱ्या पालकाची सही का नाही हे खरं खरं लिहायचं असतं : विभक्त आहोत, पत्ता लागत नाही, परदेशात आहे आणि संपर्क तोडला आहे, कोर्टात केस चालू आहे किंवा नाही. कोर्टाचा ताब्याचा आदेश असेल तर तोही जोडा.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण माहीत असावं. पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाने एका अल्पवयीन विद्यार्थिनीचा अर्ज अडवला, कारण आईशी वाद चालू असलेल्या वडिलांनी संमती दिली नव्हती. आईने ॲनेक्शर सी भरलेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. परदेश प्रवासाचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये येतो, आणि आई-बापाच्या भांडणामुळे मुलाचा तो हक्क हिरावता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. खिडकीवर "वडिलांना घेऊन या" असं उत्तर मिळालं तर अर्ज मागे घेऊ नका. हरकत लेखी मागा आणि ॲनेक्शर सी दाखवा.

मुलाचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षांचा किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल तितका असतो. त्याची मुदत संपली म्हणून नागरिकत्व संपत नाही. नूतनीकरण मात्र वेळेवर करा.

ताबा आणि पालकत्व

आपल्याकडे हिजानत आणि विलायत हे दोन शब्द एकच समजले जातात. हनफी फिकहप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळ आईकडे असतो, त्याला हिजानत म्हणतात. मुलाच्या वतीने निर्णय आणि मालमत्ता यांचं पालकत्व, म्हणजे विलायत, बापाकडे मानलं जातं. बाप बेपत्ता असेल तेव्हा कार्यालयात नेमकी इथेच अडचण येते.

त्यावर उपाय पालक व पाल्य कायदा, १८९० मध्ये आहे. मूल जिथं राहतं तिथल्या जिल्हा किंवा कौटुंबिक न्यायालयात आई, नानी, दादा, मामू कुणीही पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतं. न्यायालय मुलाचं हित पाहतं. एकदा आदेश मिळाला की शाळा, बँक, पासपोर्ट, वकिलात, सगळीकडे तो चालतो.

आणखी दोन कायदे. मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९ प्रमाणे नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल किंवा दोन वर्षं त्याने खर्च दिला नसेल, तर बायकोला न्यायालयातून निकाह तोडून घेता येतो. आणि फोनवर किंवा मेसेजवर एका झटक्यात तलाक दिला असेल, तर २०१९ च्या कायद्याने तो रद्दबातल आहे. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये अशा वेळी अल्पवयीन मुलांचा ताबा आईला मिळण्याची तरतूद आहे, तो मॅजिस्ट्रेट ठरवून देतो.

तुमची परिस्थिती कोणती?

*आई-बाप दोघे भारतीय, बाप तिकडेच गायब, मूल अजून परदेशात.* देश सोडण्याआधी वकिलातीत जन्मनोंद आणि मुलाचा पासपोर्ट करून घ्या. हे काम तिथं जितकं सोपं, तितकंच भारतात आल्यावर अवघड. बाप सही करत नसेल तर वस्तुस्थिती सांगणारं प्रतिज्ञापत्र द्या. अगदी तातडीने निघावं लागलं तर वकिलात एका फेरीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, पण त्यासोबत जन्मनोंदीचा अर्ज केल्याची पोच हातात असू द्या.

*मूल भारतात आलं आहे, वर्ष उलटलं आहे, नोंद नाही.* जन्म झालेल्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे उशिराच्या नोंदीचा अर्ज करा. उशिराचं कारण स्पष्ट लिहा. परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाकडून येते. तो मार्ग बंद झाला तर कलम ५ आहे. भारतीय नागरिकाच्या अल्पवयीन मुलाला नोंदणीने नागरिकत्व देता येतं, आणि खास परिस्थितीत केंद्र सरकार कोणत्याही अल्पवयीन मुलाची नोंदणी करू शकतं. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, आपल्यासाठी ठाणे. इथे चांगल्या वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

*आई परदेशी, ती मूल सोडून गेली, बाप भारतीय.* नियम तोच, फक्त पुरावा बापाच्या पासपोर्टचा. मुलाला आईच्या देशाचा पासपोर्ट काढलेला नाही ना, हे आधी पाहा.

*बाप परदेशी, आई भारतीय.* आईच्या बाजूने नागरिकत्व मिळतं, पण नोंद लागतेच. बापाच्या देशाच्या कायद्याने मूल तिथलंही नागरिक ठरत असेल, तर १८ वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ते दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारतीय नागरिकत्व जातं. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

*मूल परदेशी पासपोर्टवर आलं आहे.* कायद्याच्या नजरेत ते मूल आज परदेशी आहे. व्हिसा संपू देऊ नका. वैध कागदांवर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेली व्यक्तीही बेकायदा स्थलांतरित ठरते, आणि मग कलम ५ ची नोंदणी मिळत नाही. ओसीआय कार्डाचा पर्याय पाहा. आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी कुणी कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक असेल तर ते मिळत नाही.

फाइलमध्ये काय काय असावं

— परदेशातला मूळ जन्मदाखला. अरबीत असेल तर अधिकृत अनुवादासह.
— त्यावर त्या देशाची साक्षांकनाची मोहोर. सौदी, ओमान आणि बहरीन अपोस्टिल करारात आहेत, तिथे अपोस्टिल पुरतं. दुबई-अबुधाबी, कुवेत, कतारच्या दाखल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग भारतीय वकिलातीचा शिक्का लागतो.
— वकिलातीने दिलेलं जन्मनोंद प्रमाणपत्र. पासपोर्ट मिळाला म्हणून हे मागायला विसरू नका.
— मुलाचे आणि आई-बापाचे सगळे पासपोर्ट, जुने धरून. व्हिसा आणि इमिग्रेशनच्या शिक्क्यांची पानंसुद्धा.
— निकाहनामा आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र.
— बाप बेपत्ता असल्याचा पुरावा : पोलिसातली तक्रार, पाठवलेली नोटीस, वकिलातीशी झालेला पत्रव्यवहार. इंतकाल झाला असेल तर मृत्यूचा दाखला.
— रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचं कार्ड.

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे का ते तपासा. शेख, शैख, मोमिन, मोमीन, मोहम्मद, मोहंमद. एका अक्षरामुळे फाइल परत येते. सगळे कागद स्कॅन करून दोन जागी ठेवा. कामवारीला पूर आला की खालच्या घरांतल्या पेट्या भिजतात, हे आपल्याला सांगायला नको.

आधार आहे ना, मग?

आधार कायद्यातच लिहिलं आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका जामीन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की फक्त आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असल्याने कुणी भारतीय नागरिक ठरत नाही, ते १९५५ च्या कायद्याप्रमाणे ठरतं. निवडणूक आयोगाने २४ जून २०२५ रोजी बिहारमध्ये मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला. त्यातल्या जाहीरनाम्यातही भारताबाहेर जन्मलेल्यांकडून वकिलातीच्या जन्मनोंदीचा पुरावा मागितला होता. आज चौथीत असलेलं मूल उद्या मतदार होणार आहे. हा कागद तेव्हा शोधत बसायची वेळ येऊ नये.

शाळेची बाजू

शिक्षक म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. कागद नाहीत म्हणून मूल घरी बसवू नका.

दुसरी, जनरल रजिस्टरमध्ये खरं जन्मस्थळच लिहा. दया म्हणून "भिवंडी" लिहिणारा शिक्षक त्या मुलाचं नुकसान करतो. दहा वर्षांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भिवंडी, जन्मदाखल्यावर दम्माम आणि पासपोर्टवर आणखी काही, असं झालं की खरा भारतीय असलेला मुलगाही संशयित ठरतो. शिवाय नागरिकत्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे खोटी माहिती देण्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

मदत कुठे मिळेल

महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी भिवंडी न्यायालयातली तालुका विधी सेवा समिती किंवा ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. देशभराचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. नवरा परदेशात सोडून गेला असेल तर राष्ट्रीय महिला आयोगाच्या एनआरआय कक्षाकडे तक्रार करता येते, हा कक्ष २००९ पासून चालू आहे. वकिलात उत्तर देत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. परदेशात अडकलेल्या गरजू महिलांसाठी वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, तो मागायला संकोच करू नका.

त्या मुलीचं काय झालं

आम्ही त्या अम्मींना घरची पेटी पुन्हा उघडून पाहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या एक छोटा पासपोर्ट घेऊन आल्या. मुलगी त्यावरच भारतात आली होती. रियाधच्या भारतीय दूतावासाने दिलेला, जन्मस्थळ दम्माम, मुदत संपलेली. "हा तर एक्सपायर आहे, म्हणून फेकणार होते," त्या म्हणाल्या. त्याच पुस्तिकेने सगळं काम केलं. जन्मनोंदीच्या प्रतीसाठी दूतावासाला अर्ज गेला, ॲनेक्शर सी भरलं, आईचा जुना पासपोर्ट जोडला. दोन चकरा जास्त झाल्या, पण नवा पासपोर्ट आला. बापाची सही कुठेच लागली नाही.

आमच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे आजही "दम्माम, सौदी अरेबिया" असंच लिहिलेलं आहे. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात "भारतीय".

आपल्या मोहल्ल्यात असं एखादं मूल असेल तर त्याच्या घरी जाऊन एवढंच विचारा : वकिलातीत जन्माची नोंद झाली आहे का, आणि जुना पासपोर्ट कुठे आहे? मुलाला १८ वर्षं व्हायच्या आत विचारा. नंतर हेच काम कितीतरी पट कठीण होतं.